आईचं गंगावन

लेक आरशासमोर बसून, लग्नासाठी पार्लरमध्ये चिकटवून घेतलेले लांब केस एकेक पट्टी धरून ओढत होती. मी तिच्या हातावर चापट मारली. "अशी ओढशील तर तुझे केसही उपटून येतील."

पट्टीच्या मुळाशी कोमट खोबरेल जिरवलं, दहा मिनिटं थांबले, तशी ती अलगद सुटली.

"आई, हे कुठे शिकलीस?"

"माझी आई लग्नाकार्यात गंगावन लावायची. घरी आल्यावर केसांत गुंतलेलं ते तेल लावून, न ओढता सोडवायचं काम माझं. माझेच गळलेले केस पिशवीत साठवून तिनं ते करून घेतलं होतं."

कंगव्यात लेकीचे चार केस राहिले होते. मी ते टाकायला उठले, तर माझ्या विरळ अंबाड्याकडे बघत ती म्हणाली, "टाकू नकोस गं. ती पिशवी आहे का अजून?"