पहिली जोडी

सोमाजीच्या जीपने तिसऱ्यांदा नुसतं खाकरून दाखवलं आणि ती गप्प झाली. शेजारी आपली जीप चालू ठेवून बसलेल्या श्रावणभाऊंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उगाच खोटं कशाला बोलायचं?

अकरा वर्षं हा सोमाजी त्यांना जीपांच्या पटात, म्हणजे गावच्या शर्यतीत, हरवत आला होता. कधी हातभर, कधी गाडीभर, पण हरवायचाच. यंदा श्रावणभाऊंनी कार्बोरेटर नवा बसवला होता, टायर बदलले होते. आणि आता तर पळायचीही गरज दिसत नव्हती.

"दोन मिनिटं सुरू!" माइकवरून संघप्रियाचा आवाज आला. गावच्या शाळेत गणित शिकवणारी ही पोरगी पटाच्या कमिटीची सचिव होती आणि तिच्या हातातलं घड्याळ कुणाच्या बापाचं ऐकत नसे. "सोमाजीभाऊ, नियम माहीत हाय नं? दोन मिनिटांत गाडी रेघेच्या पुढे गेली नाई, तं बाद. आन बाद झालेल्या गाडीले पुढच्या वर्षापासून जागा नाई."

नियम नवा होता, पण त्यात चूक काही नव्हतं. बैलांच्या शर्यतींवर बंदी आली त्या साली गावात घरोघरी पाव्हणे पट पाहायला येऊन बसले होते. त्यांना कोरडंच कसं परत पाठवायचं, म्हणून या दोघांनी खाणीच्या लिलावात घेतलेल्या आपल्या दोन जुन्या जीपा बैलांच्याच पट्टीवर पळवल्या. बोनेटला हळदकुंकू लावून, बैलांसारख्या जोडीनं. पुढे दोनाच्या सात झाल्या, साताच्या तीस. बंदी उठली, बैल परत आले, तरी जीपांचा दिवस कुणी सोडेना. यंदा चौसष्ट जीपा होत्या, त्यातली एकही तीस वर्षांच्या आतली नाही, आणि एटापल्लीपासून हैदराबादपर्यंतचे लोक आपला नंबर कधी लागतो म्हणून यादीत ताटकळत होते. पहिल्या वर्षी सोमाजीच्या गाडीला अख्ख्या गावानं धक्का मारला होता. आता गाव दोराच्या पलीकडे उभं होतं आणि दोराच्या आत फक्त गाडी चालवणारे. पहिली जोडी मात्र दरवर्षी याच दोघांची.

"चूपचाप बसून राहा!" दोराला टेकून श्रावणभाऊंची बायको ठमाबाई ओरडली. "यंदा आपलाच नंबर हाय! शेवटी सावकाश रेघ ओलांडली तरी जिंकलो!"

श्रावणभाऊ बसून राहिले.

"एक मिनिट!"

त्यांनी शेजारी पाहिलं. सोमाजीनं चाबी फिरवणंही सोडून दिलं होतं. तो गळ्यातल्या दुपट्ट्यानं स्टिअरिंग पुसत होता. कुणाकडे पाहत नव्हता. पुढच्या वर्षी या जागी कोण असणार? कुणीतरी हैदराबादचा, काळा चष्मा लावलेला. त्याला हरवून करायचं काय?

ते खाली उतरले.

"श्रावणभाऊ, कुठी चालले?" माइक गरजला.

"दोराच्या आत चालवणाऱ्यानं धक्का माराले मनाई हाय काय?"

संघप्रियानं नियमांचा कागद काढला, वरून खाली वाचला, उलटूनही पाहिला. "नाई!" ती म्हणाली. "चाळीस सेकंद!"

"तू काऊन आला बे?" सोमाजी म्हणाला.

"दुसऱ्या गिअरवर टाक. तोंड नको चालवू."

रेघ बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीखाली जराशा उतारावर होती. श्रावणभाऊंनी चाकाखालचा दगड पायानं उडवला, पाठ लावली आणि दात-ओठ खाऊन रेटा दिला. जीप हलली. चार पावलं गेली. "सोड क्लच!" गाडीनं हिसका दिला, काळा धूर थेट श्रावणभाऊंच्या तोंडावर सोडला आणि रेघ ओलांडून सुसाट निघाली. दोरापलीकडच्या हजारो माणसांनी असा गलका केला की बोडीतले बगळे उडाले.

"मले थांबता येत नाई गा!" सोमाजी मागे वळून ओरडत होता. "थांबलो तं बंद पडन!"

श्रावणभाऊ धावत आपल्या जीपकडे आले, उडी मारून बसले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की गाडी मुकी आहे. माजरीच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी साहेबांची जीप चालवली होती. चालक खाली उतरला की इंजिन बंद आणि चाबी खिशात. हाताला लागलेली सवय, तिनं पटाची रेघही पाहिली नव्हती. त्यांनी खिशात हात घातला. आधी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी निघाली, मग रुमाल, मग चष्म्याची डबी.

"दहा सेकंद!"

चाबी निघाली. नव्या कार्बोरेटरवाली जीप एका दमात सुरू झाली आणि बाद होता होता रेघेपार गेली. तोवर सोमाजी पट जिंकून, बंद पडायच्या भीतीनं, खालच्या धानाच्या मोकळ्या बांधीत गोल गोल फेऱ्या मारत होता. पब्लिक पोट धरून हसत होतं. श्रावणभाऊंनीही मग घाई केली नाही. नवरदेवासारखे दोन्हीकडे हात हलवत ते सावकाश पोहोचले.

दोराशी ठमाबाई कमरेवर हात देऊन उभी होती.

"बाराव्यांदा हरले."

"हो."

"बसल्या जागी जिंकत होते. खाली काऊन उतरले?"

"एकट्यानं पळाले काय पट म्हणतेत?"

ठमाबाईनं पलीकडे पाहिलं. सोमाजीची पाचवी फेरी चालली होती आणि प्रत्येक फेरीला तो दुपट्टा उंच उडवत होता. तिनं पदरानं नवऱ्याच्या तोंडावरचा काळा धूर पुसला.

"पुढच्या वर्षी त्याले धक्का माराले उतरशाल," ती म्हणाली, "तं गाडी चालू ठेवून उतरा."