मागचं डावं चाक

"ताई, तुम्ही मागे बसा, मी चालवतो. पुढून कळत नाही आवाज कुठल्या चाकाचा आहे ते," मेकॅनिक म्हणाला.

मुलगी मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसली. आई फाटकाला धरून उभी राहिली. तिची बॅग पायरीवर होती. ती मुलीनेच भरली होती. बाबा गेल्यापासून आईला आपल्या घरी घेऊन जायचं मुलीच्या मनात होतं आणि आई दर वेळी काहीतरी काढायची. कधी गुडघा, कधी कुंड्या, कधी नळाला येणारं पाणी. या वेळी काढायला काही उरलं नाही तेव्हा गाडीच तिच्या मदतीला आली. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून कितीतरी महिने उभी असलेली गाडी सकाळी जरा हलवली, तर मागून खर्र, खर्र.

"आवाज गेला तर निघू," आई म्हणाली होती. "नाही गेला तर मी कुठेही येणार नाही. मला वाटेत अडकून पडायची हौस नाही."

गाडी रस्त्याला लागली. खर्र. खर्र. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. मुलीने सीटच्या पाठीला कान टेकवला. कापडाला अजून बाबांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. तिने कान काढला नाही.

मेकॅनिकने गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुलवली. "बदलला?"

"नाही. तसाच आहे."

"मग बेअरिंग नसावं." त्याने हँडब्रेक अगदी हलका वर घेतला. आवाज एकदम दाटून आला.

"वाढला! माझ्या खालीच आहे."

"झालं तर मग. हँडब्रेक ओढून गाडी फार दिवस उभी राहिली की ब्रेकची पट्टी ड्रमला चिकटते, गंज धरते. आज होईल काम."

दारात गाडी थांबवून, चावी काढून तो जॅक आणायला आपल्या व्हॅनकडे गेला. मुलीने दार उघडायला कळ ओढली. दार उघडलं नाही. लॉक तर वर होतं. तिने पुन्हा ओढली, खांद्याने धक्का दिला. सरकून पलीकडे गेली. तेही उघडेना. काचा वर, गाडी बंद, आत उकडायला लागलेलं. तिने बोटांनी काच वाजवली. मग तळव्याने.

आई फाटकापासून दोन पावलं पुढे आली आणि थांबली. काचेकडे बघत राहिली. मुलीला वाटलं, आपण दिसतच नाही आहोत तिला.

"आई! अगं, उघड ना!"

तेव्हा कुठे आईने येऊन बाहेरून दार उघडलं.

"आतून नाही उघडत ती," ती म्हणाली. "लहान मुलांसाठी असतं ना, ते लॉक आहे."

"इथे कोण लहान मूल होतं?"

आईने दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. "तुझ्या बाबांना डॉक्टरकडे नेताना ते मध्येच उतरून चालायला लागायचे. एकदा तर गाडी चालू असताना दार उघडलं. मग लावलं मी. मग जाता-येता काच वाजवत बसायचे. मी रेडिओ मोठा करायची."

"फोनवर कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार?"

मेकॅनिकने जॅक लावला, चाक काढलं. ड्रम निघता निघेना. हातोडीचे ठोके घालून सोडवावा लागला. आत तांबूस भुकटी भरली होती. "हँडब्रेक ओढायला दोन्ही हात लावले होते का हो, काकू?"

"हे मागून पुढे हात घालून सोडतील अशी भीती वाटायची." आई त्याच्या डोक्यावर वाकून बघत होती. "नीट बघा हं. दुसरंही काही असेल. बेअरिंगचं सांगता येत नाही."

"काकू, तुम्हाला गाडी दुरुस्त हवीय की नादुरुस्त?"

आई हसली नाही. मुलगी हसली.

त्याने पॉलिश पेपरने पट्टी घासली, ड्रम आतून साफ केला, सगळं पुन्हा चढवलं आणि चाक हाताने फिरवलं. चाक फिरत राहिलं. तिघंही कान देऊन उभी होती. कसलाच आवाज आला नाही. मग तो एकटाच गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. येताना त्याने काच खाली घेऊन अंगठा दाखवला.

आई आत गेली. बराच वेळ आली नाही. मुलगी पायरीवर बॅगेशेजारी बसून राहिली. आत नळ उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला, पुन्हा उघडल्याचा आला. तिने हाक मारली नाही.

शेवटी आई बाहेर आली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, परत ओढून पाहिलं, मग पायरीवरची बॅग उचलली. मेकॅनिक मागच्या दाराच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर लावून वाकला होता. "हे लॉकही काढून टाकतो, काकू. आता काय गरज त्याची?"

"थांबा," आई म्हणाली. मुलीने तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं होतं. त्या दाराला वळसा घालून आई मागे गेली आणि डाव्या बाजूला बसली. बॅग मांडीवर घेतली.

"पुढे बस ना, आई. मागे कशाला?"

"राहू दे ते तसंच," आई मेकॅनिकला म्हणाली.

"अहो, पण तुम्हाला आतून उघडता येणार नाही."

"माहीत आहे मला. उघडलं तर मी त्या कोपऱ्यावरच उतरून परत येईन."

तिने पाय आत घेतले आणि मुलीकडे न बघता म्हणाली, "लाव दार."