उसना आवाज

“हा आवाज माझ्या मुलीचा नाही,” एर्सीलिया म्हणाली. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर फडक्यात बांधलेलं चीज. आब्रुत्सोच्या डोंगरातून पहिली बस धरून ती थेट रोमच्या स्टुडिओत येऊन बसली होती.

समोर बसलेल्या इल्देनं कबूल केलं. आवाज तिचा स्वतःचा होता. सिनेमा मुकाच काढायचा आणि मग अंधाऱ्या खोलीत बसून त्यात आवाज भरायचे, ही इथली रीतच. पडद्यावर ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा. इल्देनं आजवर राण्यांना, चेटकिणींना, झालंच तर एका कुत्र्यालाही आवाज दिला होता. पडद्यावरच्या नावांत तिचं नाव कधी आलं नाही. या सिनेमात तर दिग्दर्शकानंही खपायला सोपं म्हणून इंग्रजी नाव घेतलं होतं, तिथं हिला कोण विचारतो.

सिनेमा म्हणजे ‘काळ्या जिन्यावरची नवरी’. एर्सीलियाच्या गावावरच्या किल्ल्यात तो मागच्या उन्हाळ्यात काढला. निळं धुकं, मेणबत्त्या, आणि रोज संध्याकाळी जिना उतरणारी मेलेली नवरी. रोममध्ये तो आठवडाभरही टिकला नाही. त्यातल्या एका दृश्यात लोरेदाना होती, एर्सीलियाची एकुलती एक. पांढरा झगा, मोकळे केस, ती पायरीवर उभी राहते आणि म्हणते, “मला घरी जायचंय.” शूटिंग संपलं आणि ती लांब केसवाल्या पोरांबरोबर एका रंगीबेरंगी गाडीत बसून निघून गेली. काबूल, मग हिंदुस्थान, असं काहीसं म्हणाली होती. त्यानंतर तिचा पत्ता नाही.

एर्सीलियाला तिचा खरा आवाज हवा होता. शूटिंगच्या वेळचा कुठंतरी ठेवला असेल, असं तिला वाटलं होतं. तो नव्हताच. लोरेदाना बोलत होती तेव्हा मागं सुतार हातोडे ठोकत होते.

“कसा होता?” इल्देनं विचारलं.

“बसलेला. सर्दी झाल्यासारखा. आणि ‘आई’ म्हणताना शेवटी लांबवायची.”

इल्देनं म्हणून बघितलं. एर्सीलियानं मान हलवली; अजून जरा खालून. पुन्हा. मग आणखी एकदा. अंधारात ते ‘आई’ असं काही उमटलं की एर्सीलियानं रुमाल तोंडाला लावला.

निघताना एर्सीलियानं इल्देला घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं.

“भिंती,” इल्दे हसून म्हणाली. “रविवारी त्याही अंगावर येतात.”

एर्सीलियानं चीज तिच्यापुढं ठेवलं आणि गावातल्या बारचा फोन नंबर दिला. गावात फोन तेवढाच. सिनेमावाल्यांकडून पोरीची काही खबर लागली तर कळवा, म्हणाली.

पुढच्या रविवारी इल्देनं फोन केला तो काही खबर नाही एवढंच सांगायला. बारवाल्यानं एर्सीलियाला बोलावून आणलं. ती धापा टाकत “कोण?” म्हणाली, आणि इल्देच्या तोंडून भलतंच निघालं.

“आई, मी.”

इल्दे फोन खाली ठेवणारच होती.

“जेवलीस का?” एर्सीलियानं विचारलं.

मग हे दर रविवारचंच झालं. इल्दे खिडकीचा पडदा ओढून घ्यायची, डोळे मिटायची आणि लोरेदाना व्हायची. काबूलचे बाजार, डाळिंबं, बर्फाचे डोंगर, सगळं मनानंच रचायची. एकदा बोलण्याच्या भरात तिनं काबूलला समुद्रही देऊन टाकला. पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं, पण बारमध्ये माणसं असायचीच. एर्सीलिया कधी शंका काढत नसे. परत कधी येणार, हेही तिनं कधी विचारलं नाही. काय खाल्लंस, घसा जप, सणाला एकटी राहू नकोस, एवढंच. इल्देला त्या भाबड्या बाईची फार दया यायची. आणि सोमवार उजाडला की ती पुढच्या रविवारची वाट बघायला लागायची.

तेच तिला सोसेना. आपण एका आईला फसवून तिची माया लाटतोय, हे तिच्या मनात घर करून बसलं. तिला खरं सांगून टाकणं म्हणजे एर्सीलियाची मुलगी दुसऱ्यांदा हिरावून घेणं, आणि आपल्याला मिळालेली आईही घालवणं. तरी एका रविवारी ती बसमध्ये बसली.

गाव धुक्यात होतं, अगदी पडद्यावरच्यासारखं. वर किल्ला तरंगत होता. फोनची वेळ होत आली होती. वाटभर घोकलेलं पहिलं वाक्य मनात धरून तिनं दार वाजवलं.

दार उघडलं एका तरुणीनं. हात पिठानं भरलेले, केस वर बांधलेले. जिन्यावरचाच चेहरा. इल्देला वाटलं, आपण अजून त्या अंधाऱ्या खोलीतच आहोत.

“आई बारमध्ये गेलीय,” तरुणी म्हणाली. आवाज बसलेला, सर्दी झाल्यासारखा. “मी लोरेदाना, तिची मुलगी.”

“तुम्ही काबूलहून कधी आलात?”

“कसलं काबूल. मी आपल्याच ब्रिंदिसी बंदराच्या पुढं गेलेच नाही. बोट बघितली आणि मागं फिरले. घरी यायची लाज वाटली म्हणून तिथंच एका खानावळीत राबले. आई मला शोधायला रोमला गेली ना, ती परत आली तेव्हा मी या पायरीवर बसलेली होते.” तिनं कोपरानंच खुर्ची पुढं ढकलली. “बसा तुम्ही, तिला वेळ लागेल. रोममध्ये तिची आणखी एक मुलगी आहे, एकटीच असते बिचारी. रविवारी तिचा फोन येतो. ती जेवली का, हे विचारल्याशिवाय आई घास घेत नाही.”