दिवाळीनंतरचं नवरात्र

तपासून झाल्यावर डॉक्टर हात पुसत म्हणाले, “कॅन्सरची गाठ नाही ही, तातोबा.” तातोबांनी कधीचा कोंडलेला श्वास सोडला.

“नकळत कधीतरी मार बसतो, आतल्या आत वण धरतो. वण ताणत नाही, म्हणून ताठरताना लिंग त्या बाजूला वाकतं. दुखणं बहुधा गोळ्यांनी हटेल. वाकडेपणा राहिलाच तर इंजेक्शनं आहेत. अगदीच अडलं तर ऑपरेशन. पण बायकोला सांगितलंत का?”

नव्हतं सांगितलं. तिला बरोबर आणलं होतं तेही स्वतःच्या पोटदुखीचं निमित्त करून. नवरात्रात उपवास म्हणून तातोबा घोंगडीवर निजू लागले, ते दिवाळी सरली तरी पलंगावर परतले नव्हते. “देवीला बोललोय,” म्हणायचे. अक्काताई भिंतीकडं कूस बदलायची.

आता बाहेर तिच्या शेजारी बसून, मान खाली घालून, हलक्या आवाजात त्यांनी सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि खुदकन हसली.

“अगं, हसतेस काय?”

“मग काय करू? मला वाटलं, माझा वीट आला तुम्हाला. रात्र रात्र भिंतीकडं तोंड करून रडले मी, आणि तुम्ही एकटेच मरणाला भीत बसलात होय?” ती उठली. “चला परत आत. गोळ्या कशा घ्यायच्या ते मी विचारते. घाबरल्या जीवानं तुम्ही अर्धंच ऐकलं असणार.”

मागं न बघता तिनं दार ढकललं. लाजत, हसत तातोबा तिच्यामागून आत शिरले.