चौथं बोट

बुडापेस्टच्या आमच्या संगीतशाळेत लिस्ट या जुन्या संगीतकाराचे ते अवघड पियानो-अभ्यास हाय्नल मास्तरांच्या छापील प्रतीवरूनच वाजवायचे. कुठल्या सुराला कुठलं बोट, याचे मास्तरांनी घातलेले आकडे त्यात छापलेले असतात. उजव्या हाताचं चौथं बोट, म्हणजे अनामिका, त्यात कुठेच नाही. तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर उडी. मग सवयीने बाकीचंही सगळं तसंच वाजवलं जातं. हात भरून येतो, पण आमच्या एतेल्काबाई ऐकत नाहीत. "मास्तर लिस्टच्या शिष्याकडे शिकले होते. तू कोण लागून गेलीस?" चौथं बोट लावलं म्हणून गेल्या वर्षी त्यांनी एकीला नापास केलं.

यंदा परीक्षेला पाहुण्या म्हणून मास्तरांची मुलगी आली होती. नव्वदीच्या आजी. माझं वाजवून झालं तशा त्या हसल्या.

"अगं पोरी, चौथ्या बोटाने तुझं काय घोडं मारलंय?"

"मास्तरांची पद्धत आहे ही," एतेल्काबाई म्हणाल्या.

"पद्धत कसली! बाबांचं ते बोट पहिल्या महायुद्धात तुटलं. करतात काय बिचारे!"

पुढच्या मुलीने भीतभीत विचारलं, "बाई, मी चौथं लावू?"

"लाव."

सगळे पांगल्यावर मी विसरलेली टोपी घ्यायला परत गेले. एतेल्काबाई एकट्याच पियानोशी बसून तोच तुकडा चौथ्या बोटाने वाजवून पाहत होत्या. हात चांगला धडधाकट होता. ते एक बोट तेवढं उठत नव्हतं.