कोपऱ्यावरचा गडी

युसूफवडगाव गावच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. खडीचे ढीग लांबवर गेले होते आणि प्रत्येक ढिगामागं कुणी ना कुणी हातोडा घेऊन बसलं होतं. पंडितनं सायकल हातात धरून निम्मा रस्ता तुडवला, तेव्हा कुठं त्याला रामहरी दिसला. डोक्याला बापाचं मुंडासं आणि अंगात कॉलेजच्या कबड्डी संघाचा बनियन, तोही उलटा घातलेला.

शेजारच्या ढिगावरची सारजाबाई म्हणाली, "अगं बया, सोसायटीच्या चेअरमनचं लेकरू! तुमच्या घरावर बी खडी फोडायची पाळी आली का काय?"

बायका हसल्या. पंडितही हसला, पण त्याचे कान तापले.

रामहरीनं मान वर केली नाही. पंडित त्याच्यासमोर उकिडवा बसला. रामहरीच्या दोन्ही तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्यांतून ओल बाहेर आली होती. हा पंजा पंडितच्या चांगला ओळखीचा होता. कबड्डीत समोरचा गडी चढाईला आला की हातात हात घालून साखळी धरायची; रामहरी कोपऱ्यावर, पंडित त्याच्या शेजारी, आणि दोन वर्षं हा पंजा त्याच्या पंजात असायचा. दिवाळीनंतर तो ओला लागायला लागला. काय झालं म्हणून विचारलं, की रामहरी हात मागं घ्यायचा.

तेवढंच पंडित हॉटेलात बोलला होता. चहा पिता पिता, काळजीनंच म्हणा ना. "रामहरीच्या हातातून पाणी निघतंय बे. इचारलं तर सांगत बी न्हाई."

तिळाचा ताड व्हायला कितीसा वेळ लागतो? संघातल्या सुग्रीवनं त्याचं कातडीचं दुखणं केलं, धर्मराजनं आता बोटं झडणार म्हणून सांगितलं, आणि चार दिवसांत रामहरी ज्या माठाचं पाणी प्यायचा त्या माठाला संघातलं कुणी शिवेना. शेवटी सरांनी रामहरीला मैदानाबाहेर बोलावलं. डॉक्टरचा दाखला आण, मगच खेळायला ये, म्हणाले. पंडित तेव्हा तिथंच होता. खाली वाकून तो मैदानातले खडे वेचत राहिला.

"हे मला कावून सांगितलं न्हाईस?" पंडितनं विचारलं.

"काय सांगू? बापाची कंबर धरली. मस्टरवर नाव त्याचं, आन् गडी दिसला न्हाई की नाव कटतंय. सकाळी हितं बसतो, दुपारनं कॉलेजात येतो." हातोडा चालूच होता. "तुमच्या सोसायटीम्होरं माझी माय रेशनच्या मिलो ज्वारीसाठी रांगेत उभी ऱ्हाती. त्यात अजून हे सांगू का तुला?"

पंडितला लाज वाटली. कसली, ते त्याला धड कळेना.

"रविवारी घाटनांदूरला सामना हाय. चल, आत्ताच्या आत्ता सरांकडं चल. फोड दाखीव त्यांला. मी बोलतो."

"काय बोलशील?"

येताना वाटेत पंडितनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यात सुग्रीवचं नाव होतं, धर्मराजचं होतं. त्याचं स्वतःचं कुठंच नव्हतं. आता रामहरीच्या चिंध्यांकडं बघताना ते सगळं त्यानं बाजूला टाकलं.

"मीच बोललो बे," तो म्हणाला. "पयल्यांदा मीच बोललो. हाटेलात."

हातोडा थांबला. सारजाबाईचाही थांबला. रामहरीनं सैल झालेली चिंधी दातांत धरून पुन्हा आवळली.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "कोपऱ्यावरच्या गड्याला शेजार एकच असतो, पंडित. तुझ्याबिगर माझा हात कुणी धरला व्हता?"

पंडित आणखी जवळ सरकला. "मग सरांना माझं नाव कावून सांगितलं न्हाईस?"

"तू कधी येतोस ते बघत व्हतो." रामहरीनं पुढचा दगड ओढला. "नऊ दिवस लावलेस."