खालच्या मजल्यावरचा ठोका

ज्या गाण्यांनी त्याचं नाव घरोघरी पोचवलं, ती त्याने भाड्याच्या खोलीत रचली होती. तो गायला बसला की मध्येच खालच्या मजल्यावरच्या काकू काठीने छत ठोकायच्या. कटकट नको म्हणून तो तीच ओळ हळू आवाजात पुन्हा म्हणायचा. पुढे तो ठोका त्याच्या चालींतच मुरला. नव्या गाण्यात कुठलाच ढोल तसा वाजेना, तेव्हा त्याने काकूंनाच काठीसकट स्टुडिओत आणलं. “मेल्या, आता ठोकायला गाडी पाठवतोस होय?” तो गाऊ लागला, पण काठी हलेना. “काकू, चिडा ना!” “चिडू कशाला? नीट गातोयस की!” काकूंचं हे पहिलंच कौतुक. त्याच खुशीत तो पुढे गायला आणि वरचा सूर घसरला. धाडकन काठी आपटली. “तेव्हाही इथेच घसरायचास!” रेकॉर्डिस्ट म्हणाला, “पुन्हा घेऊ?” त्याने मान हलवली. “नको. चूकही राहू दे, काठीही.”